एकच फोटो, वेगवेगळे अवतार: फिल्टर बदलण्यापलीकडे काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एकच फोटो पाच-सहा तऱ्हांनी एडिट करून बघायला मजा येते पण शेवटी सगळे शेजारी ठेवले की नुसते फिल्टर बदलल्यासारखे दिसतात, एक पिवळा, एक निळा, एक फिकट, तर असं का होतं, फोनवर यातलं किती जमेल आणि एआय वापरावं का. मी स्टुडिओ आणि लॅबच्या कामात बरीच वर्षं आहे, आधी डार्करूम (फिल्म आणि प्रिंट धुवायची अंधारी खोली) मग कॉम्प्युटर, आणि हा खेळ आजही स्वतःसाठी खेळतो, म्हणून जरा लांब लिहितोय.

असं होतं कारण तुम्ही रंग बदलताय, उजेड बदलत नाही आहात. फिल्टर अख्ख्या फोटोला सरसकट लागतो. फोटोत आधी जिथे नजर जात होती तिथेच नंतरही जाते, फक्त वर रंगाचा हात फिरलेला असतो. हे तपासायची सोपी युक्ती सांगतो. तुमची कुठलीही दोन व्हर्जन घ्या, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट करा, आणि बोटाच्या नखाएवढी लहान करून शेजारी ठेवा. ओळखू येत नसतील कुठलं कुठलं, तर तुम्ही एकच व्हर्जन दोनदा केलंय. वेगळी दिसली तर तुम्ही खरंच उजेड हलवलाय. मी शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो आणि त्यानंतर त्यांची काम करायची पद्धतच बदलते.

म्हणून स्लायडरला हात लावायच्या आधी प्रत्येक व्हर्जनसाठी एक वाक्य ठरवा, कागदावर लिहिलं तरी चालेल. "थंडीतली सकाळ, अजून ऊन घाटावर उतरलेलं नाही." "रात्र झालीय, देवळात फक्त समई आहे." असं. यात वेळ आहे, हवा आहे, आणि उजेड कुठून येतोय ते आहे. "व्हिंटेज लुक" किंवा "सिनेमॅटिक" हे वाक्य नव्हे, त्यातून हात कुठे चालवायचा ते कळत नाही.

आता उदाहरणासाठी एक फोटो धरू म्हणजे नीट बोलता येईल. वाईपासून जवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे आणि त्याच्या मागे कृष्णेवरचा काळ्या दगडाचा घाट, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, बाजूला देवळं, आणि ती मोठी घंटा जी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आणली. तिथला ऑक्टोबरातला ढगाळ दुपारचा माझा एक फोटो आहे. खालच्या पायरीवर लाल लुगड्यातल्या एक आजी कपडे धुतायत, उजवीकडे देवळाचं दार, समोर पाणी, पलीकडच्या काठाला झाडी आणि वर आकाशाची एक पट्टी. चेहरा दिसत नाही, पाठमोऱ्या आहेत, हे मुद्दाम सांगतोय कारण कुणाच्या चेहऱ्याशी असले खेळ त्यांना न विचारता करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

ढगाळ दुपार मुद्दाम निवडलीय. कडक उन्हातल्या फोटोत सावल्या इतक्या ठाम असतात की त्यांनी वेळ आधीच सांगून टाकलेली असते, ती पुसता येत नाही. मवाळ उजेडातला, आज "सपाट" वाटून तुम्ही बाजूला टाकलेला फोटो या खेळाला सगळ्यात चांगला. आकाश पांढरं फट्ट उडालेलं नको, आणि सावलीत तपशील हवा. जमलं तर रॉ मध्ये (सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं ठेवणारी फाइल) काढा, हल्ली बऱ्याच फोनमध्येही सोय असते. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १२ बिट रॉ मध्ये ४०९६ आणि १४ बिटमध्ये १६३८४, त्यामुळे उजेड जोरात ओढला तरी आकाशात पट्टे पडत नाहीत. जेपेगच असेल तरी अडत नाही, फक्त मूळ फाइल बाजूला ठेवा आणि दरवेळी तिच्यावरूनच सुरुवात करा, एडिट केलेल्यावर परत एडिट नको, कारण दर सेव्हला थोडा माल कमी होतो.

पहिलं व्हर्जन साधंच करा, तिथे कसं दिसत होतं तसं. यात नाट्य नाही पण बाकी सगळी याच्याशी ताडून बघायची असतात.

मग ब्लॅक अँड व्हाइट, आणि इथे लोक घाई करतात, सॅच्युरेशन शून्य केलं की झालं असं समजतात. रंग काढताना कुठला रंग किती उजळ करड्यात जाणार हे तुम्ही ठरवायचं असतं. पूर्वी लेन्सवर लाल, पिवळी, हिरवी काच लावायचो, आता स्नॅपसीड या फोनवरच्या ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्येच ते कलर फिल्टर आहेत आणि लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगागणिक स्लायडर आहेत. आजींचं लुगडं लाल आहे ना, लाल फिल्टर लावला तर ते जवळजवळ पांढरं होतं, मागची झाडी गडद, काळ्या दगडावर ती एकच उजळ आकृती, नजर सरळ तिथे. हिरवा फिल्टर लावला की उलटं, लुगडं काळं होऊन दगडात मिसळतं, पलीकडची झाडी उजळते आणि फोटो नदीचा होतो, माणसाचा राहत नाही. एकाच बटणात दोन वेगळे फोटो, दोन्हीत एकही रंग नाही. कुठल्याही फोटोवर मी आधी हे करून बघतो कारण यातच कळतं की याच्यात लपलंय काय.

हे काही कॉम्प्युटरमुळे आलेलं नाही. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो आहे, १ नोव्हेंबर १९४१ चा, आठ बाय दहा इंचाच्या निगेटिव्हवर घेतलेला. लाइट मीटर वेळेवर सापडला नाही म्हणून त्याने चंद्राचा उजेड किती असतो हे डोक्यात होतं त्यावरून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पाडायचा ते, ठरवलं. पुढे तीसेक वर्षं तो त्या एकाच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिला, हजाराच्या वर. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, वरचे ढग दिसतात, आणि नंतरच्यांत आकाश जवळपास काळं, ढग बुडालेले, खालच्या दफनभूमीतले क्रॉस उजळलेले. मधे १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागाला केमिकल देऊन तो भाग परत ताकदवान केला. म्हणजे एकच फोटो आणि एकच माणूस, आणि वय वाढलं तशी त्याला तिथली संध्याकाळ वेगळी दिसत गेली. दोन प्रिंट शेजारी ठेवून बघा कधी, इंटरनेटवर सहज मिळतील.

डार्करूममध्ये हे सगळं हातानं व्हायचं. एनलार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) कागदावर उजेड पडत असताना एखादा भाग हाताने किंवा तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने झाकायचा म्हणजे तो उजळ राहतो, ते डॉजिंग, आणि पुठ्ठ्याला भोक पाडून एकाच जागी जास्त उजेड द्यायचा म्हणजे ती जागा गडद होते, ते बर्निंग. आज फोनमध्ये तेच बोटाने करता येतं आणि या खेळातलं हे सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे, फिल्टरपेक्षा कितीतरी.

आता सकाळ करू. धुकं आणायचं म्हणून लोक अख्ख्या फोटोवर पांढरट पडदा टाकतात, तो डोळ्याला लगेच खोटा वाटतो. धुकं अंतराप्रमाणे वाढतं. जवळच्या पायऱ्यांचा काळा काळाच राहतो, आजींपर्यंत किंचित कमी होतो, आणि पलीकडच्या झाडीत काळा उरतच नाही, सगळं फिकट निळसर. म्हणून ब्रश घ्या, पलीकडच्या काठावर काळे वर उचला, कॉन्ट्रास्ट कमी करा, रंग थोडे थंड करा, पाण्यावर निम्म्याने, आणि पुढच्या दगडाला हात लावू नका. जवळची फांदी मधे येत असेल तर तिच्यावरचा ब्रश पुसा, ती गडद राहिली की मागचं सगळं आपोआप लांब जातं.

संध्याकाळच्या व्हर्जनमध्ये हीच चूक पिवळ्या रंगाने होते. मावळतीला सगळं पिवळं नसतं हो. सूर्याकडे तोंड केलेली बाजू तेवढी सोनेरी होते आणि सावलीतल्या जागेला उजेड मिळतो तो आकाशाचा, म्हणजे निळा. म्हणून देवळाची एक बाजू, पायऱ्यांच्या कडा, आजींचा डावा खांदा एवढंच गरम करा, उरलेला घाट आहे त्याहून थंड. सगळ्या पायऱ्यांना उजेड एकाच बाजूने पडतोय ना, एवढी काळजी घ्या. या व्हर्जनला वेळ लागतो, बारीक ब्रश लागतो, पण असं पायरी पायरी उजेड टाकत जाणं हे मला तरी फार सुखाचं काम वाटतं.

पावसाळी व्हर्जन सोपं आहे आणि आपल्याकडे कुणालाही पटतं. वरून पावसाच्या रेघा चिकटवू नका. ओला दगड कोरड्यापेक्षा गडद दिसतो आणि त्यावर आकाश चमकतं, म्हणून दगड गडद करून पायऱ्यांच्या फक्त सपाट भागावर थोडी पांढरी चमक. पानं ओली झाली की रंग दाट होतो, तर हिरव्याचं सॅच्युरेशन वर पण उजेड खाली. एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत नसते, झाडी आपल्याला हिरवी दिसते पण एडिटिंगमध्ये पानांचा बराचसा भाग पिवळ्या स्लायडरने हलतो, हिरवा कितीही ओढला तरी काही होत नाही असं वाटलं तर पिवळ्याकडे जा.

आणि रात्र. हे माझं सगळ्यात आवडतं व्हर्जन, म्हणून जरा थांबून सांगतो. दिवसा काढलेल्या फोटोची रात्र करायची ही सिनेमावाल्यांची जुनी विद्या आहे, भर उन्हात शूट करायचं आणि एक्स्पोजर कमी ठेवून निळ्यात न्यायचं. आता गंमत अशी की चांदणं खरं तर निळं नसतंच, ते चंद्रावरून आलेलं उन्हच आहे, उलट उन्हापेक्षा थोडं पिवळसर. पण अंधारात आपले डोळे लाल रंगाला आधी सोडतात आणि निळ्या-हिरव्याला जास्त वेळ धरून ठेवतात, याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. तुम्ही स्वतः बघा, गच्चीवर संध्याकाळी जास्वंद आणि तिची पानं, अंधार पडत जातो तसं फूल आधी काळं पडतं आणि पानं अजून दिसत असतात.

म्हणजे रात्र करायची तर नुसता निळा ओतून भागत नाही. एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली, व्हाइट बॅलन्स निळ्याकडे, सगळ्याच रंगांचं सॅच्युरेशन कमी, आणि लाल तर जवळजवळ काढूनच टाकायचा, लाल काही उरलं असेल तर ते गडद करड्यासारखं झालं पाहिजे. बारीक तपशीलही थोडा मऊ करा, अंधारात आपल्याला काठ इतके धारदार दिसत नाहीत. आकाशाची पट्टी कापून टाका, दिवसाचं आकाश लगेच चुगली करतं, आणि पाण्यात आकाशाचं पांढरं प्रतिबिंब राहिलंय का बघा, ते गडद करायचं बहुतेक लोक विसरतात. मग शेवटी देवळाच्या दारात एक लहानसा गरम उजेड, गोल मास्क (एडिट तेवढ्याच भागाला लागावी म्हणून केलेली निवड), कडा अगदी मऊ, रंग पिवळा-नारिंगी. तो उजेड दारासमोरच्या एक-दोन पायऱ्यांवर उतरला पाहिजे, चौकटीच्या आतल्या कडेला लागला पाहिजे, आणि पाण्यात त्याची एक बारीक उभी रेघ. एवढं केलं की बघणारा मागे रेलून बघतो. आजींना या व्हर्जनमध्ये मी ठेवत नाही, रात्री कपडे कोण धुणार, क्रॉपमध्ये त्या बाहेर जातात आणि फोटो देवळाचा होतो.

क्रॉप हा खरं तर स्वतंत्र खेळ आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो, त्यातला पाव तुकडा घेतला तरी ३००० बाय २००० उरतात आणि १० इंच रुंद स्वच्छ प्रिंट निघतो. तेव्हा एका फोटोतून नुसत्या पायऱ्यांच्या रेघा, नुसते ओले कपडे आणि हात, नुसतं पाणी असे तीन-चार फोटो सहज काढता येतात.

जुन्या पद्धतींत दोन सांगतो. एक रंगवलेला फोटो. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर ब्रशने रंग चढवायची मोठी परंपरा आहे, राजेरजवाड्यांच्या फोटोंवर तर सोनेरी कामसुद्धा असायचं, आणि जुन्या वाड्यांत आजोबा-पणजोबांचे गुलाबी गालांचे फोटो अजून भिंतीवर दिसतात. करायचं असेल तर आधी ब्लॅक अँड व्हाइट करून किंचित तपकिरी करा, मग वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवरच्या स्वतंत्र थरावर, कलर ब्लेंड मोड (खालचा उजेड तसाच ठेवून फक्त रंग चढवणारा) लावून, मोजकेच रंग, लुगड्याला फिकट गुलाबी-लाल, पाण्याला मळकट निळा, झाडीला एकच हिरवा, अपारदर्शकता तीसेक टक्क्यांच्या पुढे नको. रंग काठाच्या थोडा बाहेर गेला तरी असू द्या, हाताने रंगवलेल्यात तसंच असतं. मूळ रंगीत फोटोतले रंग परत आणू नका, तुम्ही निवडलेले चार-पाचच रंग असले पाहिजेत, त्यातच त्याची शोभा आहे.

दुसरी सायनोटाइप, इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली, लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात ठेवून पाण्यात धुवायचा आणि गडद निळं चित्र मिळतं. फोनवर तिची नक्कल म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट करून काळ्याच्या जागी गडद निळा आणि पांढऱ्याच्या जागी कागदाचा मळकट पांढरा. आणि जमलं तर खरी करून बघाच, तुमच्या फोटोची निगेटिव्ह पारदर्शक शीटवर प्रिंट काढून घ्यायची, केमिकल हातमोजे घालून हाताळायचं, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

बाकी उचापती झटपट करून बघा. कर्व्ह (उजेड-अंधार हलवायची रेघ) मधे वर आणि दोन्ही टोकं खाली ओढली की अर्धा फोटो निगेटिव्हसारखा उलटतो, लाल आणि निळा चॅनेल अदलाबदल केले की आकाश नारिंगी होतं, फोटोची धूसर कॉपी स्वतःवरच हलकी चढवली की स्वप्नाळू चमक येते. एकदा करायला छान आहेत, पण यांत निर्णय कमी आणि अपघात जास्त, म्हणून माझं मन फार रमत नाही.

फोनवर जमेल का? बहुतेक सगळं जमेल. स्नॅपसीड फुकट आहे, त्यात केलेली प्रत्येक एडिट परत उघडून ब्रशने हवी तिथेच लावता येते, ही सोय शोधून काढा, तिच्याशिवाय वरचं निम्मं अशक्य आहे. कॉम्प्युटर असेल तर डार्कटेबल आणि रॉ थेरपी फुकट आहेत, लेयरसाठी गिंप. लाइटरूममध्ये व्हर्च्युअल कॉपी काढता येतात, म्हणजे फाइल एकच राहते आणि व्हर्जन हवी तितकी. फोनचा ब्राइटनेस मध्यावर ठेवा आणि रात्री स्क्रीन पिवळी करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर तुमची सगळी व्हर्जन निळी होतील आणि कळणारही नाही.

एआय वापरू का असंही तुम्ही विचारलंय. आकाश बदलणं, माणूस पुसणं हे आता एका टॅपमध्ये होतं, आणि जागा स्वच्छ करायला मीही वापरतो. पण मावळतीचं आकाश आयतं चिकटवलं आणि घाटावर उजेड मात्र ढगाळ दुपारचाच राहिला तर ते लगेच दिसतं, म्हणजे उजेडाचं काम शेवटी तुम्हालाच करावं लागतं. आणि मजा तर त्या कामातच आहे. बातमीचा फोटो किंवा स्पर्धेचा फोटो असेल तर यातलं काहीच नको, क्रॉप आणि साधी सुधारणा एवढंच, स्पर्धेचे नियम आधी वाचा. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून जवळ सरकवले होते, त्यावर आजही बोललं जातं. तुमचं रात्रीचं व्हर्जन कुठे टाकलंत तर दिवसाच्या फोटोवरून केलंय असं खाली लिहा, लोकांना उलट त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

शेवटचं, प्रिंट काढा. चार बाय सहाचे, मॅट कागदावर, सगळी व्हर्जन एकत्र, आणि टेबलावर मांडून घरच्यांना विचारा की कुठला सकाळचा, कुठला रात्रीचा. न सांगता ओळखलं तर जमलं. फक्त लॅबमध्ये देताना "करेक्शन नको" असं स्पष्ट सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी मशीन प्रत्येक फोटो आपोआप उजळ आणि न्यूट्रल करतं आणि तुम्ही तासभर खपून केलेली रात्र दुपार होऊन हातात येते. आधी एकच प्रिंट काढून बघा, स्क्रीनपेक्षा गडद आला तर रात्रीचं आणि पावसाळी व्हर्जन थोडं उचला, मग बाकीचे काढा.